नव्या लघुउद्योगाचे आर्थिक नियोजन : रोकड प्रवाहाचा अंदाज आणि प्रारंभिक भांडवलाची गरज

लहान उद्योग बंद पडला की मालाला मागणी नव्हती, असे कारण बहुधा सांगितले जाते. ते काही उद्योगांच्या बाबतीत खरेही असते. परंतु मागणी आहे, माल दर्जेदार आहे, हिशोबाच्या वहीत नफाही दिसतो आणि तरीही शनिवारी कारागिरांची मजुरी देण्यासाठी पेटीत पैसे नाहीत, अशी अवस्था नव्या उद्योगांच्या वाट्याला वारंवार येते. असा उद्योग तोट्यामुळे नव्हे, तर रोकड टंचाईमुळे अडचणीत येतो. प्रारंभिक भांडवलाचा अंदाज यंत्रांच्या किमतीवरून बांधला जातो आणि माल विकल्यापासून पैसे हाती येईपर्यंतचा काळ हिशोबात धरला जात नाही, हे या टंचाईचे प्रमुख कारण होय.

वाणिज्य, अर्थशास्त्र, बँकिंग आणि ग्रामीण विकास या विषयांच्या स्पर्धा परीक्षांत खेळते भांडवल, लघुउद्योगांचा पतपुरवठा आणि विलंबित देणी हे घटक अभ्यासक्रमात असतात. हे तिन्ही घटक एकाच प्रश्नाच्या तीन बाजू आहेत. नव्या उद्योगाला नेमकी किती रक्कम लागेल आणि ती केव्हा लागेल, हा तो प्रश्न. प्रस्तुत लेखात एका काल्पनिक उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाची उकल केली आहे.

नफा आणि रोकड यांतील भेद

नफा-तोटा पत्रक उपार्जन तत्त्वावर तयार होते. माल उधारीवर विकला तरी ती विक्री त्याच दिवशी उत्पन्न म्हणून नोंदली जाते. रोकड प्रवाहाच्या अंदाजात मात्र पैसे प्रत्यक्ष हाती आले किंवा हातून गेले, तरच नोंद होते. या मूलभूत फरकातून पुढील भेद निर्माण होतात.

पहिला, उधार विक्रीमुळे नफा वाढतो, रोकड वाढत नाही. दुसरा, कच्चा माल खरेदी करताना रोकड जाते, परंतु तो माल तयार होऊन विकला जाईपर्यंत नफा-तोटा पत्रकात खर्च दिसत नाही; तो शिल्लक साठा म्हणून राहतो. तिसरा, यंत्र खरेदी करताना संपूर्ण रक्कम एकदम द्यावी लागते, तर नफा-तोटा पत्रकात तिचा भार घसाऱ्याच्या रूपाने अनेक वर्षांत विभागला जातो. चौथा, कर्जाच्या मुद्दलाची परतफेड आणि मालकाने घरखर्चासाठी केलेली उचल यांमुळे रोकड कमी होते, पण त्या बाबी नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून येत नाहीत.

रोकड प्रवाह पत्रक आणि रोकड प्रवाहाचा अंदाज या दोन संज्ञांतही गल्लत होऊ नये. रोकड प्रवाह पत्रक हे गतकाळाचे विवरण असते. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या लेखा मानक ३ नुसार त्यात परिचालन, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा अशा तीन भागांत प्रवाह दाखविले जातात. कंपनी अधिनियम, २०१३ ने एकल व्यक्ती कंपनी व लघु कंपनी यांना हे पत्रक जोडण्यापासून सूट दिली आहे. अंदाज मात्र भविष्यकाळाचा असतो, आणि उद्योग जितका लहान तितकी त्याची गरज अधिक. मोठ्या कंपनीला एखाद्या महिन्याची तूट बँकेकडून किंवा बाजारातून भरून काढता येते. लहान उद्योजकाकडे अशा वेळी घरातील दागिने गहाण ठेवणे किंवा खासगी सावकाराकडे जाणे एवढेच मार्ग उरतात.

भांडवलाच्या गरजेचे चार घटक

नव्या उद्योगाची एकूण निधीगरज चार घटकांत विभागता येते. यंत्रसामग्री, फर्निचर, वीजजोडणी व जागेची अनामत यांवरील स्थिर भांडवली खर्च हा पहिला घटक. नोंदणी, परवाने, चाचणी उत्पादन, कारागिरांचे प्रारंभिक प्रशिक्षण असा उत्पादनपूर्व खर्च हा दुसरा. कच्चा माल, मजुरी, भाडे यांवर केलेला खर्च विक्रीतून परत मिळेपर्यंत गुंतून राहणारे खेळते भांडवल हा तिसरा. अंदाज चुकल्यास हाताशी असावी अशी आकस्मिक तरतूद हा चौथा.

पहिल्या दोन घटकांची किंमत दरपत्रके मागवून कळते. चौथा घटक तिसऱ्यावर अवलंबून असतो. खरी कसोटी लागते ती तिसऱ्या घटकात. खेळत्या भांडवलाची गरज ठरविण्यासाठी कार्यचक्राची संकल्पना उपयोगी पडते. कच्चा माल साठ्यात राहण्याचे दिवस, उत्पादन प्रक्रियेचे दिवस, तयार माल पडून राहण्याचे दिवस आणि उधारी वसूल होण्याचे दिवस यांची बेरीज करावी व त्यातून पुरवठादाराने दिलेल्या उधारीचे दिवस वजा करावेत. येणारे उत्तर म्हणजे उद्योजकाचा एक रुपया बाहेर पडून परत येईपर्यंतचा काळ होय. नव्या उद्योगाच्या बाबतीत हा काळ दोन्ही टोकांनी ताणला जातो. पुरवठादार अनोळखी उद्योजकाला उधार देत नाही आणि ग्राहक मिळविण्यासाठी त्याला स्वतः मात्र उधार द्यावे लागते.

उदाहरण : गणवेश शिवणारा एक घटक

जूनमध्ये शाळा उघडणाऱ्या प्रदेशातील गणवेश शिवण्याचा एक लहान घटक उदाहरणादाखल घेऊ. सर्व आकडे काल्पनिक असून आकडेमोड सोपी राहावी म्हणून कर वगळले आहेत.

जानेवारीत शिलाई यंत्रे, ओव्हरलॉक व काज-बटण यंत्रे यांवर ३,६०,००० रुपये, फर्निचर व वीजजोडणीवर ६०,००० रुपये, जागेच्या अनामतीपोटी ६०,००० रुपये आणि उत्पादनपूर्व खर्चापोटी २०,००० रुपये, असे एकूण ५,००,००० रुपये खर्च होतात. गणवेशाच्या एका संचाची विक्री किंमत ५०० रुपये आहे. त्यासाठी कापड व इतर साहित्य २८० रुपयांचे लागते आणि शिलाईची नगावारी मजुरी ८० रुपये पडते. म्हणजे प्रत्येक संचामागे १४० रुपये अंशदान उरते. भाडे, पर्यवेक्षकाचे वेतन, वीज व वाहतूक यांचा स्थिर खर्च फेब्रुवारीपासून दरमहा ४०,००० रुपये आहे.

उत्पादन फेब्रुवारीत ३००, मार्चमध्ये ५००, एप्रिलमध्ये ७००, मेमध्ये ९००, जूनमध्ये ८००, जुलैमध्ये ४०० आणि ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये प्रत्येकी २०० संच असे होते. विक्री मार्चमध्ये १००, एप्रिलमध्ये ५००, मेमध्ये ९००, जूनमध्ये १,२००, जुलैमध्ये ७००, ऑगस्टमध्ये ४०० व सप्टेंबरमध्ये २०० संच आहे. उत्पादन आणि विक्री या दोहोंची बेरीज ४,००० संच येते. कापड रोखीने घ्यावे लागते. विक्रीची २० टक्के रक्कम माल देताना मिळते आणि उरलेली ८० टक्के दोन महिन्यांनी.

या गृहीतकांवरून तयार होणारा अंदाज पुढील तक्त्यात दिला आहे. कर्ज, व्याज आणि मालकाची उचल त्यात मुद्दाम धरलेली नाही. निधीची गरज किती, हे आधी कळावे आणि ती कोठून भागवायची, हे नंतर ठरवावे, असा त्यामागील क्रम आहे.

तक्ता : रोकड प्रवाहाचा अंदाज (हजार रुपयांत)

| महिना | विक्री | प्रत्यक्ष जमा | प्रत्यक्ष खर्च | निव्वळ प्रवाह | संचित शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| जानेवारी | – | – | ५०० | −५०० | −५०० |
| फेब्रुवारी | ० | ० | १४८ | −१४८ | −६४८ |
| मार्च | ५० | १० | २२० | −२१० | −८५८ |
| एप्रिल | २५० | ५० | २९२ | −२४२ | −१,१०० |
| मे | ४५० | १३० | ३६४ | −२३४ | −१,३३४ |
| जून | ६०० | ३२० | ३२८ | −८ | −१,३४२ |
| जुलै | ३५० | ४३० | १८४ | +२४६ | −१,०९६ |
| ऑगस्ट | २०० | ५२० | ११२ | +४०८ | −६८८ |
| सप्टेंबर | १०० | ३०० | ११२ | +१८८ | −५०० |
| एकूण | २,००० | १,७६० | २,२६० | −५०० | |

आकडे कसे आले, हे जून महिन्यावरून पाहता येईल. जूनची विक्री ६,००,००० रुपये. तिच्या २० टक्के म्हणजे १,२०,००० रुपये लगेच मिळाले. एप्रिलच्या २,५०,००० रुपयांच्या विक्रीपैकी ८० टक्के, म्हणजे २,००,००० रुपये जूनमध्ये वसूल झाले. एकूण जमा ३,२०,००० रुपये. खर्चाच्या बाजूला ८०० संचांचे कापड २,२४,००० रुपये, मजुरी ६४,००० रुपये आणि स्थिर खर्च ४०,००० रुपये, असे ३,२८,००० रुपये होतात.

तक्ता काय सांगतो?

संचित शिल्लक ज्या महिन्यात सर्वांत खोल जाते, तो महिना शोधणे हे या तक्त्याचे मुख्य प्रयोजन आहे. या उदाहरणात तो महिना जून असून तूट १३,४२,००० रुपयांची आहे. हीच या उद्योगाची किमान प्रारंभिक निधीगरज होय. त्यांपैकी ५,००,००० रुपये स्थिर भांडवल व उत्पादनपूर्व खर्चाचे आणि ८,४२,००० रुपये खेळत्या भांडवलाचे आहेत.

सर्वाधिक विक्रीचा महिना आणि सर्वाधिक तुटीचा महिना एकच आहे, ही बाब लक्षणीय आहे. नफ्याच्या हिशोबाने जूनमध्ये १,२०० संचांमागे १,६८,००० रुपये अंशदान मिळाले आणि ४०,००० रुपये स्थिर खर्च वजा जाता १,२८,००० रुपये नफा झाला. याच महिन्यात पेटी मात्र सर्वाधिक रिकामी आहे.

पैसा गेला कोठे, याचे उत्तर ताळेबंदातून मिळते. जूनअखेर मेच्या विक्रीचे ३,६०,००० आणि जूनच्या विक्रीचे ४,८०,००० असे ८,४०,००० रुपये ग्राहकांकडून येणे आहेत. शिवाय ५०० संचांचा तयार साठा शिल्लक आहे. कापड व मजुरी मिळून त्याची किंमत १,८०,००० रुपये होते. दोन्ही मिळून १०,२०,००० रुपये अडकले आहेत. त्यांपैकी जूनपर्यंतच्या संचित नफ्यातून १,७८,००० रुपये भागले आणि उरलेले ८,४२,००० रुपये बाहेरून आणावे लागले. तक्त्यातील तुटीचा आकडा अशा रीतीने ताळेबंदाशी तंतोतंत जुळतो. परीक्षेत उत्तर पडताळून पाहण्यासाठी ही पद्धत उपयुक्त आहे.

सप्टेंबरअखेरचे चित्रही बोलके आहे. एकूण विक्री २०,००,००० रुपये आणि परिचालन खर्च १७,६०,००० रुपये असल्याने घसारा व व्याजापूर्वीचा नफा २,४०,००० रुपये होतो. परंतु परिचालनातून जमा झालेली रोकडही १७,६०,००० रुपयेच आहे. म्हणजे संपूर्ण नफा ग्राहकांकडील येण्यांच्या रूपात आहे. हातात एक रुपयाही आलेला नाही. तो ऑक्टोबर व नोव्हेंबरमध्ये येईल.

ठोकताळा आणि प्रत्यक्ष गरज

खेळत्या भांडवलाच्या मोजणीसाठी भारतीय बँकिंग क्षेत्रात वेळोवेळी निकष ठरले. टंडन समितीने १९७० च्या दशकात साठा व येणी यांचे निकष आणि कमाल अनुज्ञेय बँक वित्ताची पद्धत सुचविली. लघुउद्योगांसाठी ही पद्धत किचकट होती. नायक समितीच्या शिफारशींनुसार १९९० च्या दशकात उलाढाल पद्धत रूढ झाली. तिच्यात अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के एवढी खेळत्या भांडवलाची गरज धरली जाते. त्यांपैकी किमान २० टक्के बँकेने द्यावी आणि ५ टक्के उद्योजकाने स्वतः घालावी, असा संकेत आहे. वर्षाच्या २५ टक्के म्हणजे तीन महिन्यांची उलाढाल. कार्यचक्र सुमारे तीन महिन्यांचे असेल, हे गृहीतक त्यामागे आहे.

गणवेशाच्या घटकाला वर्षात २०,००,००० रुपयांचीच विक्री अपेक्षित आहे असे मानले, तर या ठोकताळ्याने बँकेकडून ४,००,००० आणि स्वतःचे १,००,००० असे ५,००,००० रुपयांचे खेळते भांडवल निघते. प्रत्यक्षात जूनमधील गरज ८,४२,००० रुपयांची आहे. ठोकताळा वर्षभराची सरासरी पाहतो. हंगामी उद्योगाची गरज मात्र काही महिन्यांत एकवटलेली असते. स्थिर भांडवलासह एकूण १०,००,००० रुपये घेऊन उद्योग सुरू केला, तर ते एप्रिलमध्येच संपतील. मे-जूनच्या मागण्या नोंदलेल्या असताना कापड घेण्यास पैसा नसेल. गणवेशाची मागणी दिवाळीपर्यंत थांबत नाही. त्यामुळे हातची संधी वर्षभरासाठी जाते आणि शाळा व दुकानदार पुढील वर्षी दुसरा पुरवठादार शोधतात.

वीस टक्क्यांचे प्रमाण ही कमाल नव्हे, तर किमान मर्यादा आहे. कार्यचक्र लांब असल्यास अधिक मर्यादेची मागणी करता येते. मात्र तिला आधार म्हणून मासिक रोकड अंदाज सादर करावा लागतो. हंगामी उद्योगांसाठी रोकड अंदाजपत्रक पद्धत अधिक योग्य मानली जाते, ती याच कारणाने.

अंदाज चुकला तर?

कोणताही अंदाज हुबेहूब खरा ठरत नाही. म्हणून एकेक गृहीतक बदलून तुटीवर होणारा परिणाम तपासावा लागतो. यालाच संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात. वरील उदाहरणात पुढील निष्कर्ष निघतात.

१. उधारी दोनऐवजी तीन महिन्यांनी वसूल झाली, तर कमाल तूट १५,४२,००० रुपये होते. म्हणजे २,००,००० रुपयांनी वाढते.

२. उत्पादन तेवढेच राहून विक्री सर्व महिन्यांत २० टक्क्यांनी घटली, तर तूट १४,४४,००० रुपये होते; म्हणजे १,०२,००० रुपयांनी वाढते.

३. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या, तर तूट १६,०४,००० रुपयांपर्यंत जाते.

४. कापडाच्या पुरवठादाराने एक महिन्याची उधारी दिली, तर तूट ११,१८,००० रुपयांवर येते. म्हणजे २,२४,००० रुपयांनी घटते.

५. माल देताना २० ऐवजी ४० टक्के रक्कम मिळाली, तर तूट ११,९४,००० रुपयांवर येते.

६. उधारी दोनऐवजी एका महिन्यात वसूल झाली, तर तूट ११,३४,००० रुपयांवर येते. म्हणजे २,०८,००० रुपयांनी घटते.

पहिल्या दोन निष्कर्षांची तुलना महत्त्वाची आहे. विक्री एक पंचमांशाने घटण्यापेक्षा वसुली एक महिना लांबणे या उद्योगाच्या रोकड स्थितीला अधिक जड जाते. नफ्यावर विक्री घटण्याचा परिणाम मोठा असतो हे खरे. पण पहिला हंगाम पार पाडण्याचा प्रश्न रोकडीचा असतो.

आकस्मिक तरतूद किती असावी, याचे उत्तरही येथेच मिळते. ती सरसकट दहा टक्के धरण्याऐवजी प्रतिकूल स्थितीतील तूट आणि मूळ तूट यांतील फरकाएवढी धरावी. येथे ती २,६२,००० रुपये येते. त्यानंतर वगळलेल्या बाबी मिळवाव्यात. मालकाचा घरखर्च दरमहा १५,००० रुपये धरल्यास जानेवारी ते जून या काळात ९०,००० रुपये लागतील. १२,००,००० रुपयांच्या कर्जावर वार्षिक १२ टक्के दराने दरमहा १२,००० रुपये व्याज, म्हणजे फेब्रुवारी ते जून ६०,००० रुपये होईल. एकूण गरज १७,५४,००० रुपयांवर पोहोचते. यंत्रे, जागा व परवाने यांच्या ५,००,००० रुपयांवरून सुरू झालेला अंदाज अशा रीतीने साडेतीनपट झाला.

निधीची रचना

गरज ठरल्यानंतर स्रोत ठरवायचे असतात. दीर्घकाळ टिकणाऱ्या मालमत्तेसाठी दीर्घ मुदतीचा निधी आणि हंगामी गरजेसाठी अल्प मुदतीचा निधी, हे त्यामागील तत्त्व होय. यंत्रांसाठी मुदत कर्ज व स्वतःचे भांडवल योग्य ठरते. हंगामात गुंतून नंतर मोकळी होणारी रक्कम रोकड पत सुविधेतून घ्यावी, कारण तीत वापरलेल्या रकमेवरच व्याज पडते. उदाहरणातील ८,४२,००० रुपये सप्टेंबरअखेर पूर्णपणे परत येतात. ही संपूर्ण गरज मुदत कर्जातून भागविली, तर मोकळ्या महिन्यांतही व्याज द्यावे लागेल. तसेच मुदत कर्जाचे हप्ते मार्च-एप्रिलपासून सुरू झाले, तर तुटीच्या महिन्यांतच त्यांचा भार पडेल. हप्ते ऑगस्टपासून सुरू व्हावेत, अशी मागणी तक्त्याच्या आधारे बँकेकडे करता येते.

प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिच्यात शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत व तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद करण्यात आली. २०२४ मध्ये तरुण प्लस या गटाद्वारे मर्यादा २० लाखांपर्यंत नेण्यात आली. परंतु हा गट तरुण गटातील कर्ज घेऊन त्याची यशस्वी परतफेड केलेल्यांसाठी आहे. नवउद्योजकाने तो गृहीत धरता कामा नये.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला आणि त्याला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. २०२२ मध्ये त्यातील प्रकल्प खर्चाची मर्यादा उत्पादन क्षेत्रासाठी ५० लाख व सेवा क्षेत्रासाठी २० लाख रुपये करण्यात आली. सर्वसाधारण प्रवर्गातील लाभार्थीचा स्वतःचा वाटा १० टक्के आणि अनुदान शहरी भागात १५ व ग्रामीण भागात २५ टक्के, तर विशेष प्रवर्गासाठी वाटा ५ टक्के आणि अनुदान अनुक्रमे २५ व ३५ टक्के, अशी त्याची रचना ठरविण्यात आली. रोकड नियोजनाच्या दृष्टीने त्यातील एक नियम महत्त्वाचा आहे. अनुदानाची रक्कम लाभार्थीच्या हाती न देता तीन वर्षे बँकेत मुदत ठेवीच्या स्वरूपात ठेवली जाते व त्यानंतर कर्जात समायोजित होते. म्हणून अनुदानामुळे प्रकल्पाचा अंतिम भार कमी होतो, पण पहिल्या हंगामातील रोकड वाढत नाही. अंदाजपत्रकात ते पहिल्या वर्षाची जमा म्हणून दाखविणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

तारणाअभावी कर्ज अडू नये, यासाठी केंद्र शासन आणि भारतीय लघु उद्योग विकास बँक यांनी २००० मध्ये पतहमी विश्वस्त निधीची स्थापना केली. हमी शुल्काचा भार मात्र व्याजाबरोबरच खर्चात धरला पाहिजे.

वस्तू व सेवा कराचाही विचार आवश्यक आहे. नोंदणीकृत उद्योगाला वस्तूंच्या पुरवठ्यावरील कराचे दायित्व सामान्यतः बीजक दिल्यावर निर्माण होते, पैसे मिळाल्यावर नव्हे. ग्राहकाने दोन महिन्यांनी पैसे दिले तरी कर आधी भरावा लागतो. तेवढ्या काळापुरती ही रक्कमही खेळत्या भांडवलातच मोडते.

विलंबित देणी : कायदा आणि वास्तव

संवेदनशीलता विश्लेषणातून दिसणारा सर्वांत मोठा धोका, म्हणजे वसुलीतील विलंब, हा एकट्या उद्योजकाच्या कौशल्याचा प्रश्न नाही. तो धोरणाचाही प्रश्न आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. असा करार नसल्यास माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांची मुदत लागू होते. विलंब झाल्यास कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. कलम १८ खाली सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. २०१७ मध्ये त्यासाठी समाधान हे ऑनलाइन दालनही सुरू झाले. वित्त अधिनियम, २०२३ ने आयकर कायद्यात तरतूद करून या मुदतीबाहेर दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळेल, असे ठरविले. ही तरतूद २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून लागू झाली.

या कायद्याच्या कसोटीवर पाहिले, तर उदाहरणातील दोन महिन्यांची उधारी मुळातच मुदतीबाहेरची आहे. ती एका महिन्यावर आली, तर उद्योजकाचे २,०८,००० रुपयांचे भांडवल वाचते, हे वर दिसलेच. वेगळ्या शब्दांत सांगायचे, तर उशिरा पैसे देणारा खरेदीदार एवढी रक्कम आपल्यापेक्षा दुर्बल पुरवठादाराकडून बिनव्याजी वापरत असतो. परंतु कायद्याने हक्क दिला तरी तो बजावताना ग्राहक गमावण्याची भीती असते. एकाच मोठ्या ग्राहकावर अवलंबून असलेला नवा उद्योजक तक्रार करण्यास धजावत नाही.

या पार्श्वभूमीवर येण्यांवर आधारित वित्तपुरवठ्याच्या ट्रेड्स या व्यवस्थेचे महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. खरेदीदाराने मान्य केलेल्या बीजकावर वित्तसंस्था लिलाव पद्धतीने आगाऊ रक्कम देतात व मुदतीअखेर ती खरेदीदाराकडून वसूल करतात. २०२४ मध्ये २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी बंधनकारक करण्यात आली. गावातील कापड दुकानदार किंवा खासगी शाळा मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणून लहान ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्यांसाठी उद्यम नोंदणी, मुदतीचा स्पष्ट उल्लेख असलेला लेखी करार, बीजकावर देय दिनांक आणि मागणी नोंदविताना काही आगाऊ रक्कम, हेच व्यवहार्य उपाय ठरतात.

समारोप

१ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटी रुपयांची गुंतवणूक व १० कोटींची उलाढाल, तर लघुउद्योगाची २५ कोटींची गुंतवणूक व १०० कोटींची उलाढाल अशी वाढविण्यात आली. व्याख्या विस्तारली तरी पाच-दहा शिलाई यंत्रांवर उभ्या असलेल्या घटकाचा मूळ प्रश्न तोच राहतो. त्याला किती कर्ज मंजूर झाले, यापेक्षा ते योग्य महिन्यात आणि योग्य स्वरूपात मिळाले की नाही, यावर त्याचे भवितव्य ठरते. उद्योजकता प्रशिक्षणाच्या कार्यक्रमांत प्रकल्प अहवालाचा साचा भरून घेण्यापेक्षा बारा महिन्यांचा रोकड तक्ता स्वतः मांडायला शिकविणे अधिक हिताचे होईल. एका वहीच्या पानावर मावणारा हा तक्ता उद्योजकाला कोणत्या महिन्यात पैसा संपणार, हे आधी सांगतो. ते जानेवारीत कळले, तर बँकेशी, पुरवठादाराशी आणि ग्राहकाशी बोलण्यास वेळ मिळतो. तेच मे महिन्यात कळले, तर बोलणी फक्त सावकाराशी होतात.

सरावासाठी प्रश्न

१. ‘नफ्यात असलेला उद्योगही रोकडीअभावी बंद पडू शकतो.’ उदाहरणासह स्पष्ट करा.

२. उलाढाल पद्धत आणि रोकड अंदाजपत्रक पद्धत यांची हंगामी उद्योगाच्या संदर्भात तुलना करा.

३. लेखातील उदाहरणात स्थिर खर्च दरमहा ५०,००० रुपये झाल्यास जूनअखेरची कमाल तूट किती होईल? (उत्तर : १३,९२,००० रुपये)

४. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या विलंबित देण्यांबाबतच्या कायदेशीर तरतुदी सांगून त्यांच्या अंमलबजावणीतील अडचणींची चर्चा करा.